सव्वा महिना झाल्यावर

भाईंदरहून उत्तनच्या रस्त्याला लागले की मुर्धे, राई, मोर्वे ही गावे एकामागून एक येतात. राईला काय किंवा देशावरच्या एखाद्या गावात काय, घरात बाळंतीण असली की तिची सव्वा महिना बडदास्त असते. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशोप. या काळात शरीरही झपाट्याने पूर्वपदाला येत असते. प्रसूतीनंतर सुमारे एक किलो वजनाचे असलेले गर्भाशय सहा आठवड्यांत साठ-सत्तर ग्रॅमवर येते. (बाळंतिणीने अंथरुणालाच खिळून राहावे, हे मात्र आम्हाला पटत नाही. हालचाल नसली तर पायाच्या नीलांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो.)

मनाचे काय? गरोदरपणी वारेमुळे इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके कितीतरी पटींनी वाढलेली असतात. वार पडली की काही दिवसांतच ती एकदम खाली येतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास निम्म्याहून अधिक बाळंतिणींना उगाच रडू येते, चिडचिड होते. हा आजार नव्हे. दोन आठवड्यांत तो आपोआप ओसरतो. उदासी त्यापुढेही टिकली, झोप बाळ निजले असतानाही लागेना, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, तर ते प्रसूत्युत्तर नैराश्य असू शकते. रक्तक्षय किंवा थायरॉईड ग्रंथीचा बिघाड यांनीही असाच थकवा येतो, तेव्हा रक्ताची तपासणी आधी करावी.

संप्रेरके तर सर्वच मातांची उतरतात. मग आजार काहींनाच का? विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात केलेला, २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे फार उपयोगी आहे. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यग्रस्त आढळल्या. त्यांतील निम्म्याहून अधिक सहाव्या महिन्यातही आजारीच होत्या. बहुतेकींचे मन गरोदरपणीच अस्वस्थ होते. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही ठळक कारणे निघाली. बाळ मुलगा की मुलगी, यानेही फरक पडत होता. एवढेच नव्हे, तर मारझोड व उपासमार यांचा मनावर होणारा परिणामही त्यानुसार बदलत होता. मुलगी झाली म्हणून घरात उमटलेला सुस्कारा बाळंतिणीला ऐकू जातो, असे आम्ही म्हणू.

आणि ही वेळ पाहा. सहावा आठवडा म्हणजे सव्वा महिना नुकताच सरलेला. शेगडी विझते, माहेरची माणसे आपापल्या कामाला लागतात, मुलगी सासरी परतते. मदत आटते नेमकी तेव्हाच तिची विचारपूस व्हायला हवी.

विचारपूस करायची कशी, हेही ठाऊक आहे. १९८७ साली तयार झालेल्या एडिंबरो प्रश्नावलीत गेल्या सात दिवसांविषयी अवघे दहा साधे प्रश्न आहेत; शेवटचा, स्वतःला इजा करण्याचा विचार मनात येतो का, हा. त्याचे उत्तर 'हो' आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. उपचारांत समुपदेशन येते, आणि अंगावर पाजणाऱ्या मातेलाही देता येतील अशी औषधे डॉक्टरांकडे आहेत. गोव्यातच पुढे साध्या बायकांना शिकवून त्यांना अशा मातांकडे पाठवले गेले. २०१९ साली त्याचे निष्कर्ष आले : सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्यांचे प्रमाण वाढले होते, फार नाही, पण वाढले होते.

आशा कार्यकर्तीची नवजात बाळासाठीची शेवटची गृहभेट बेचाळिसाव्या दिवशी असते. बाळाचे वजन झाले की चार प्रश्न आईलाही विचारता येतात. शाळेत रजेवरून परतलेल्या बाईंना तर ते आपणच विचारू शकतो. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे. तो फलकावर लिहून ठेवायला हरकत नाही.