बारा इंचांचा पीळ

१९५५ साली अमेरिकेत सहा मिलिमीटर व्यासाची दोन काडतुसं बाजारात आली. एक विंचेस्टरचं ‘.२४३’, दुसरं रेमिंग्टनचं ‘.२४४’. गोळीचा व्यास दोन्हींत एकच. रेमिंग्टनच्या काडतुसात दारू थोडी जास्त मावायची, त्यामुळे वेगही किंचित सरस. तरीही काही वर्षांतच ‘.२४३’ शिकाऱ्यांच्या घरोघर पोचलं आणि ‘.२४४’ हे नाव कंपनीला पुसावं लागलं. काडतूस चांगलं होतं, रायफलही मजबूत होती. घात केला तो नळीतल्या पिळाने.

रायफलींच्या नळ्यांचा नाद मला फार जुना. पहिल्यांदाच स्वतःच्या पसंतीची रायफल बांधून घेणारा कोणी भेटला, की मी त्याला आधी हीच गोष्ट सांगतो.

नळीत खाचा कशासाठी असतात हे वाचकांना ठाऊक आहेच. प्रश्न असतो पीळ किती घट्ट हवा याचा. विंचेस्टरने दहा इंचांत एक फेरा दिला, रेमिंग्टनने बारा इंचांत. रेमिंग्टनचा हिशोब सरळ होता: शेतं पोखरणाऱ्या वुडचकसाठी ७५ ग्रेनची गोळी, हरणासाठी ९० ग्रेनची. विंचेस्टरने ८० आणि १०० ग्रेनच्या गोळ्या दिल्या. गिऱ्हाइकाला एकाच बंदुकीत दोन्ही कामं हवी होती आणि हरणासाठी त्याचा भरवसा १०० ग्रेनवरच होता. ‘.२४४ ला शंभर ग्रेन झेपत नाही’ हे बोलणं पसरलं आणि विक्री बसली.

हे बोलणं अर्धंच खरं होतं. पीळ ठरतो तो गोळीच्या लांबीवर. वजन येतं त्यानंतर. बोथट नाकाची, आखूड १०० ग्रेनची गोळी त्याच नळीतून अनेकदा नीट जाई. लांब, टोकदार गोळी मात्र डगमगू लागे. याचं गणित वुलिचच्या तोफखाना शिक्षणसंस्थेत शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिलने १८७९ सालीच मांडून ठेवलं होतं. व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणा, लांबीने भागा. सगळी मापं इंचांत. .२४३ इंच व्यासाची, एक इंच लांबीची गोळी घेऊन मी हे करून पाहिलं तेव्हा उत्तर आलं नऊ इंचांच्या जरा आत. जास्त वेगासाठी १५० च्या जागी १८० घेतात. मग येतात साडेदहा. बारा कुठूनच येत नाहीत. पुढे रेमिंग्टनने गाजावाजा न करता पीळ नऊ इंचांवर आणला आणि १९६३ मध्ये त्याच काडतुसाचं ‘६ मिमी रेमिंग्टन’ असं बारसं केलं.

मग मुळात बारा का निवडले? हा निष्काळजीपणा होता असं मला वाटत नाही. रेमिंग्टनचा अभियंता माइक वॉकर स्वतः बेंचरेस्ट नेमबाज होता आणि त्या मंडळींत सैल पिळाला मान होता. त्या विचाराचं मूळ शोधत मागे गेलं की डॉ. फ्रँकलिन मॅन भेटतात.

मॅन शिक्षणाने डॉक्टर, राहणारे मॅसॅच्युसेट्समधल्या मिल्फर्डचे. कोंबड्यांच्या खाद्यासाठी ताजी हाडं कापणारं यंत्र त्यांनी काढलं आणि त्यावर पैसा मिळवला. तो पैसा आणि आयुष्याची कित्येक वर्षं त्यांनी एका प्रश्नावर खर्च केली: एकाच नळीतून, एकाच नेमाने सुटलेल्या दोन गोळ्या एकाच भोकात का जात नाहीत? नेमबाजाचा हात आणि रायफलीचा दस्ता यांचा संशय फेडण्यासाठी त्यांनी काँक्रीटचा भक्कम ओटा बांधला, त्याला नाव दिलं ‘शूटिंग जिब्राल्टर’. त्यावरच्या व्ही आकाराच्या खोबणीत नुसती नळी ठेवून ते बार काढत. वाटेत कागदी पडदे लावून गोळीचा मार्ग टप्प्याटप्प्याने तपासत. तळ मुद्दाम तिरका कापलेल्या गोळ्याही त्यांनी झाडून पाहिल्या. नळ्यांसाठी त्यांचा भरवसा हॅरी पोपवर. पोप आठ खाचांची, डाव्या पिळाची, तोंडाकडे पीळ घट्ट होत जाणारी नळी कापत असे. १९०६ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोतलं दुकान गमावल्यावर तो जर्सी सिटीत जाऊन पुन्हा तेच काम करत राहिला.

१९०९ साली मॅन यांचं ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट’ प्रसिद्ध झालं. त्यांचा निष्कर्ष होता की मोठा दोष गोळीचाच. आर मध्यावर नसलेला भोवरा जसा हिसके देतो, तशी असमतोल गोळी नळीबाहेर पडताच बाजूला फेकली जाते. फिरण्याचा वेग जितका जास्त, तितकी जास्त. सेकंदाला ३,००० फुटांनी निघालेली गोळी बारा इंचांच्या पिळात मिनिटाला १,८०,००० फेरे घेते, नऊ इंचांच्या पिळात २,४०,०००. म्हणून, गोळी जेमतेम स्थिर राहील इतकाच पीळ द्यावा. एकच हलकी गोळी झाडणाऱ्या स्पर्धकाला हे शास्त्र आजही लागू पडतं. रेमिंग्टनने ते अशा शिकाऱ्याच्या हाती दिलं, ज्याला उद्या कोणती गोळी मिळेल हे माहीत नव्हतं. चाचणीच्या जाड नळीला आजही ‘मॅन बॅरल’ म्हणतात. हा मान त्यांनी कमावलेला आहे.

स्टेनलेस की क्रोम-मॉली, कापलेल्या खाचा की बटणाने दाबलेल्या, यावर लोक तासन्‌तास भांडतात. क्रीगर खाचा कापते, शिलेन बटणाने दाबते. स्पर्धा दोघींच्याही नळ्यांनी जिंकल्या आहेत. पहिल्या रायफलीसाठी हा वाद मी बाजूला ठेवीन. जाडीचा प्रश्नही लवकर सुटतो: खांद्यावर घेऊन डोंगर चढायचा असेल तर बारीक नळी, टेबलावरून लांब पल्ल्याची नेमबाजी करायची तर जाड, कारण ती उशिरा तापते.

कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या ५० मीटर प्रकारात कांस्यपदक मिळवलं, तिथे पिळाचा प्रश्न जवळजवळ मिटलेलाच आहे. .२२ ची गोळी बहुधा ४० ग्रेनचीच, त्यामुळे सोळा इंचांचा पीळ रूढ झालेला. तिथे सगळी मेहनत आपल्या नळीला मानवणारा काडतुसांचा लॉट शोधण्यात जाते.

सेंटरफायरमध्ये मात्र आधी गोळी ठरवावी, तिची लांबी कॅलिपरने मोजावी आणि मगच नळीची मागणी नोंदवावी. चेंबरच्या पुढचा घसाही त्याच गोळीच्या मापाने कापून घ्यावा. दोन पिळांत मन अडकलं तर घट्ट पीळ घ्यावा. मॅन यांच्या काळच्या शिशाच्या गोळ्यांपेक्षा आजच्या मॅच गोळ्या कितीतरी समतोल असतात. जादा फेऱ्यांचं नुकसान थोडं, पण गोळी स्थिरच झाली नाही तर नळी वाया. ज्या सहा मिलिमीटरसाठी रेमिंग्टनने बारा इंच पुरेसे मानले, त्याच व्यासात १०५ ग्रेनच्या लांबट गोळ्यांसाठी आज साडेसात-आठ इंचांचा पीळ मागवतात.