अंगकोर वाट : सवडीनें पाहण्याचें मंदिर

अलीकडे आपल्या सुशिक्षित घरांतून प्रवासाची एक नवी तऱ्हा दिसूं लागली आहे. शिक्षण संपून नोकरी लागण्यापूर्वी मुलगा किंवा मुलगी चार-सहा महिने परदेशांत हिंडून येते. एखादें निवृत्त जोडपेंही असेंच दीर्घ प्रवासास निघतें. मग घरांतील वडील माणसें विचारतात, "इतके दिवस कशाला? पाहावयाचें तें आठ दिवसांत पाहून होत नाहीं काय?" प्रश्न रास्त आहे. पैसा खर्च होतो, आणि मागें राहिलेल्यांच्या जिवास घोर लागतो तो निराळाच. त्याचें उत्तर एका जगप्रसिद्ध मंदिराच्या उदाहरणानें शोधावें, असें आम्हांस वाटतें.

कंबोडियांतील सिएम रीप शहराच्या उत्तरेस अंगकोर वाट आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत राजा दुसरा सूर्यवर्मा यानें तें विष्णुमंदिर म्हणून उभारिलें. पुढें तें बौद्धांचें पूजास्थान झालें व आजही आहे. भोंवतालचा खंदक सुमारें १९० मीटर रुंद, आणि मधलें शिखर सुमारें ६५ मीटर उंच. १८६० सालीं आँरी मूओ हा फ्रेंच प्रवासी तेथें गेला व त्याच्या वर्णनानें युरोपांत त्याची कीर्ति झाली. पण त्यानें तें "शोधून काढिलें" हें म्हणणें खरें नव्हे. बौद्ध भिक्षूंनीं तें कधींच पुरतें सोडलें नव्हतें.

एका दिवसाच्या प्रवाशाचा क्रम ठरलेला असतो. पहाटे तळ्याच्या कांठीं गर्दींत उभें राहून सूर्योदय पाहावयाचा, छायाचित्र घ्यावयाचें, वर चढून उतरावयाचें. मग बायोनचे दगडी चेहरे, त्यानंतर ता प्रोहमच्या भिंतींस विळखा घालणारीं झाडांचीं मुळें, आणि संध्याकाळीं परत. यांत त्याचा दोष नाहीं. त्याजपाशीं वेळच तेवढा. परंतु मंदिर पश्चिमाभिमुख आहे. पहाटे त्याची दर्शनी बाजू काळोखी आकृतीसारखी दिसते. तिच्यावर ऊन पडतें तें दुपार कलल्यावर. म्हणजे ज्या वेळीं गर्दी जमते, त्या वेळीं मंदिराचें तोंड अंधारांत असतें!

खरें वैभव आहे तें भोंवतालच्या ओवऱ्यांतील कोरीव भिंतींत. तीं शिल्पें पाहण्याचा क्रम आपल्या प्रदक्षिणेच्या उलट, म्हणजे अपसव्य आहे. अपसव्य म्हटलें कीं आपल्यास पितृकार्य आठवतें. आणि कित्येक अभ्यासकही हा क्रम व पश्चिमेकडील तोंड यांवरून या मंदिराचा संबंध राजाच्या मरणोत्तर गतीशीं जोडतात. आंत शिरून उजवीकडे वळलें कीं प्रथम कुरुक्षेत्र लागतें. शरपंजरीं पडलेले भीष्म कोणत्याही मराठी मुलास ओळखूं येतील. दक्षिणेस सूर्यवर्म्याची मिरवणूक. पुढें यमाचा न्याय, चित्रगुप्त आणि ३२ नरक. पूर्वेस सुमारें ४९ मीटर लांबीचें समुद्रमंथन : मध्यें विष्णु, खालीं कूर्म, दोहों बाजूंस वासुकीला ओढणारे देव व असुर. या भिंतीस सकाळचा उजेड हवा. पश्चिमेकडील लंकेच्या युद्धास संध्याकाळचा. एका फेरींत दोन्ही साधत नाहीं.

शहरापासून दूर असलेलें बांतेय स्रेई हें लहानसें शिवमंदिर इ. स. ९६७ मधील. त्यावर रावण कैलास हालवितांना कोरला आहे. हाच प्रसंग ज्यांनीं वेरूळच्या कैलास लेण्यांत पाहिला असेल, त्यांनीं तेथें थोडें थांबून दोहोंची मनांत तुलना करावी. एकाच कथेला दोन देशांच्या कारागिरांनीं कसें निराळें रूप दिलें, हें पाहण्यांत जो आनंद आहे, तो धांवपळींत मिळत नाहीं.

तिकिटाचा हिशेबही सवडीच्याच बाजूचा आहे. २०१७ सालीं ठरलेल्या दराप्रमाणें एका दिवसास ३७ डॉलर, तीन दिवसांस ६२ आणि सात दिवसांस ७२. शिवाय सात दिवसांचें तिकीट महिन्याभरांतील कोणत्याही सात दिवशीं चालतें. दीर्घ प्रवाशास हें फार सोयीचें, कारण त्याला एक रोग हटकून जडतो : देवळांचें अजीर्ण. महिनोन् महिने पाहून पाहून डोळे थकतात, आणि अद्भुत वस्तूही केवळ यादींतलें एक नांव होऊन बसते. त्यावर औषध एकच. एक दिवस पाहावें, एक दिवस कांहींच पाहूं नये. बाजारांत हिंडावें, घरीं पत्र लिहावें, पाहिलेल्याविषयीं वाचावें, आणि मग पुन्हां जावें.

पाहुण्यानें पाळावयाची मर्यादाही येथें आहे. सर्वांत वरच्या मजल्यावर खांदे व गुडघे झांकल्याविना जातां येत नाहीं, आणि एका वेळीं मोजकींच माणसें सोडतात. मूळ दगडी पायऱ्या झिजूं नयेत म्हणून त्यांवर लांकडी जिना बसविला आहे. लाखों पावलांपैकीं आपलीं दोन पावलें किती झीज करणार, असा विचार प्रत्येकानें केला तर पुढच्या पिढीला काय उरेल?

म्हणून वडील मंडळींस आमची विनंती एवढीच : मुलगा परत आला म्हणजे "किती स्थळें पाहिलींस?" असें विचारूं नये. "एक तरी नीट पाहिलेंस काय?" असें विचारावें. सहा महिन्यांच्या प्रवासांत अशा एका स्थळीं तो सात दिवस स्थिरावला असेल, तर ते दिवस वायां गेले असें आम्ही म्हणणार नाहीं.