ऑलिंपियाचे विनाश्रेणी महाविद्यालय

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन नावाचे जे राज्य आहे, त्याच्या कारभाराचे मुख्य ठिकाण असलेल्या ऑलिंपिया या लहानशा शहराच्या वेशीबाहेर, प्यूजेट साउंड या समुद्रशाखेच्या काठी, सुमारे हजार एकर जंगलात एक सरकारी महाविद्यालय वसले आहे. त्याचे नाव एव्हरग्रीन स्टेट कॉलेज. तेथील पदवीधराला आपल्याकडील कोणा वडीलधाऱ्या गृहस्थाने रिवाजाप्रमाणे ‘विषय कोणता घेतलास आणि वर्ग कोणता मिळाला’ असे विचारले, तर त्या बिचाऱ्याची पंचाईत व्हावी. कारण अमुक एक विषय घ्यावा अशी सक्ती त्याच्यावर कधी नव्हती, आणि वर्ग म्हणावा तर तो तेथे कोणालाच मिळत नाही. त्याच्यापाशी असतो तो केवळ मजकूर, म्हणजे शिक्षकांनी त्याच्याविषयी आणि त्याने स्वतःविषयी लिहिलेल्या परिच्छेदांचा कित्येक पानांचा गठ्ठा.

विद्यार्थ्याने आपले शिक्षण आपणच आखावे, या तत्त्वावर चालणारी जी काही थोडी महाविद्यालये अमेरिकेत निघाली, ती बहुतेक खासगी आणि म्हणून महागडी. एव्हरग्रीन मात्र सरकारी तिजोरीच्या पैशावर उभे राहिले, हे त्याचे वेगळेपण. परंतु त्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. ‘हवे ते शिका’ हे शब्द ऐकताच आपल्या मनासमोर विषयांचा मोठा बाजार आणि त्यात मनमुराद हिंडणारा विद्यार्थी उभा राहतो. प्रत्यक्षात एव्हरग्रीनच्या विद्यार्थ्याला निवड करण्याचे प्रसंग आपल्याकडील विद्यार्थ्यापेक्षा कमीच येतात, फक्त प्रत्येक प्रसंगी त्याला आपले सगळे दिवस एका गोष्टीला वाहून टाकावे लागतात. हा विरोधाभास कसा निर्माण झाला, हे समजण्यास थोडे मागे जाणे इष्ट होईल.

राज्याच्या कायदेमंडळाने १९६७ साली या महाविद्यालयास मंजुरी दिली, तेव्हा चार वर्षांचे नवे सरकारी महाविद्यालय त्या राज्यात निघाल्यास सात दशके उलटून गेली होती. आणि एवढ्या कालावधीनंतर जे काढायचे ते जुन्यांची नक्कल नसावे, अशी अपेक्षा खुद्द सरकार-दरबारीच व्यक्त झाली होती. पहिले अध्यक्ष म्हणून नेमले गेलेले चार्ल्स मॅकॅन हे मूळचे इंग्रजी साहित्याचे अध्यापक. त्यांनी आपला बेत सांगताना काय असेल यापेक्षा काय नसेल याचीच यादी दिली: विभाग नसतील, अध्यापकांत हुद्दे नसतील, सक्तीचे विषय नसतील आणि श्रेणी नसतील. अठरा अध्यापकांच्या एका तुकडीला आखणीसाठी एक अख्खे वर्ष देण्यात आले, आणि १९७१च्या शरद ऋतूत महाविद्यालय सुरू झाले तेव्हा इमारतींची कामे इतकी मागे पडलेली होती की, पहिले काही वर्ग मिळेल त्या जागेत भरवावे लागले. आपल्या क्रीडासंघांचे चिन्ह म्हणून वाघ-सिंहाची निवड न करता चिखलात खोल रुतून राहणारी गूईडक नावाची भली थोरली शिंपली निवडणारी ही मंडळी, असल्या गैरसोयीने खचणारी नव्हती.

मात्र मॅकॅन यांचे चार नकार ही केवळ मोकळी जागा होती. तिच्यात काय उभे करायचे, याचे उत्तर संस्थापक अधिष्ठात्यांपैकी मर्विन कॅडवॉलडर यांनी आणले, आणि ते उत्तर स्वैरतेच्या अगदी उलट दिशेचे होते. त्याची वंशावळ अलेक्झांडर मिकलजॉन या तत्त्वज्ञाने १९२७ ते १९३२ या काळात विस्कॉन्सिन विद्यापीठात चालविलेल्या प्रायोगिक महाविद्यालयापर्यंत जाते. मिकलजॉन यांनी पहिल्या वर्षी पेरिक्लीसच्या काळातील अथेन्स आणि दुसऱ्या वर्षी आधुनिक अमेरिका एवढेच दोन विषय ठेवले होते, आणि मधल्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या स्वतःच्या मुलखाचा अभ्यास करून प्रबंध लिहावा असा दंडक घातला होता. पुढे बर्कलीत जोसेफ टसमन यांनी १९६५ ते १९६९ या काळात त्याच धर्तीचा प्रयोग केला, आणि सॅन होजेत कॅडवॉलडर यांनीही आपला एक चालविला. तात्पर्य, मॅकॅन यांना प्रत्येक विद्यार्थी आपल्या वाटेने जावा असे वाटत होते, तर कॅडवॉलडर यांना सर्वांनी मिळून एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करावा असे वाटत होते. एव्हरग्रीनचा सारा पदवीपूर्व अभ्यासक्रम म्हणजे या दोन मतांचा अर्धशतकाचा, कधी सलोख्याचा आणि कधी कुरकुरीचा, संसार आहे.

कॅडवॉलडर यांच्या बाजूचे अपत्य म्हणजे ज्याला तेथे ‘प्रोग्रॅम’ म्हणतात तो. शैक्षणिक वर्षाच्या तीन तिमाह्या. एका तिमाहीस पूर्णवेळ विद्यार्थ्याचे सोळा श्रेयांक. आणि ते सोळाच्या सोळा श्रेयांक एकाच प्रोग्रॅमचे. निरनिराळ्या शास्त्रांतले दोन किंवा तीन अध्यापक एकत्र येऊन एखादा प्रश्न अथवा विषयक्षेत्र निवडतात, दर अध्यापकामागे सुमारे पंचवीस विद्यार्थी घेतात, आणि एक, दोन किंवा तिन्ही तिमाह्या त्या सर्वांचा मुक्काम त्याच एका ठिकाणी असतो. ‘मॅटर अँड मोशन’ या बरीच वर्षे चालत आलेल्या प्रोग्रॅममध्ये पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि कलनशास्त्र ही तिन्ही अशा रीतीने गुंफलेली असतात की, ज्या आठवड्यात गतीचे नियम प्रयोगशाळेत तपासायचे, त्याच सुमारास त्यांना लागणारे गणित फळ्यावर यावे. आपल्याकडे पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाने अवकलनाचा वापर जूनमध्ये करावा आणि गणिताच्या अध्यापकाने ते दिवाळीनंतर शिकवावे, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना या व्यवस्थेचे मोल निराळे सांगावयास नको. साहित्य, इतिहास, समाजशास्त्र यांच्या प्रोग्रॅममध्ये बहुधा दर आठवड्यास एक संपूर्ण पुस्तक वाचून यायचे आणि सेमिनारात मेजाभोवती बसून त्याविषयी आपापसांत बोलायचे. अध्यापक तेथे असतो, परंतु व्याख्यान देणे हे त्या तासाचे काम मानले जात नाही.

एकच प्रोग्रॅम असल्याचा एक लाभ अगदीच व्यावहारिक आहे. दुसऱ्या कोणत्याही वर्गाचे वेळापत्रक आड येत नसल्यामुळे सगळा वर्ग आठवडाभर जंगलात, नदीकाठी किंवा वाळवंटात अभ्यासासाठी घेऊन जाता येतो, आणि त्यासाठी दुसऱ्या कोणा अध्यापकाची परवानगी मागावी लागत नाही. महाविद्यालयाच्या आवारातच सत्तरीच्या दशकापासून सेंद्रिय शेत आहे. शेतीचा प्रोग्रॅम घेणारे विद्यार्थी मातीचे रसायन आणि भाजीचे वाफे यांच्यात दिवसभर ये-जा करीत असतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून आपल्या महाराष्ट्रातील महाविद्यालयांतही मेजर, मायनर, मुक्त ऐच्छिक विषय, कौशल्याधारित विषय अशा शब्दांची रेलचेल झाली असून, विद्यार्थ्याच्या निवडीचा हक्क मान्य झाला म्हणून समाधान व्यक्त होत आहे. ते समाधान सर्वस्वी अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ही निवड पंगतीत बसून वाढप्याला ‘हे वाढा, ते नको’ असे सांगण्याच्या जातीची आहे, पदार्थ एकमेकांस पूरक झाले की नाही हे पाहण्याची जबाबदारी तीत कोणावरच नाही. एव्हरग्रीनमध्ये ती जबाबदारी अध्यापकांनी आधी आपसांत भांडून-तंडून पार पाडलेली असते, आणि मगच विद्यार्थ्यापुढे निवडीचा प्रश्न येतो.

मॅकॅन यांच्या बाजूचे अपत्य म्हणजे वैयक्तिक अध्ययनाचा करारनामा. ज्या विद्यार्थ्याला जाहीर झालेल्या कोणत्याच प्रोग्रॅममध्ये आपला प्रश्न सापडत नाही, त्याने आपल्या विषयातला एखादा अध्यापक गाठावा, त्याला राजी करावे आणि मग रीतसर लेख तयार करावा: या तिमाहीत मी काय शिकणार, कोणती पुस्तके वाचणार, कोणते काम पुरे करून दाखविणार, आपण किती वेळा भेटणार, माझ्या कामाची पारख कशावरून व्हायची आणि त्याचे श्रेयांक किती. दोघांच्या संमतीनंतर अधिष्ठात्याच्या कचेरीची मान्यता मिळाली की करार पक्का. दिसण्यात हा स्वातंत्र्याचा परमोच्च बिंदू आहे. करण्यात तो सर्वांत अवघड मार्ग ठरतो, कारण ज्याला विषयच अजून माहीत नाही त्याने त्या विषयाच्या अभ्यासाची योजना आखावी अशी त्यात अपेक्षा असते. म्हणूनच नवख्यांना सहसा या वाटेला लावीत नाहीत. प्रोग्रॅममध्ये वर्ष-दोन वर्षे काढून ज्याच्या मनात स्वतःचा म्हणून एक प्रश्न तयार झाला आहे, त्याच्यासाठी ती शोभते. याच करारनाम्याची दुसरी जात म्हणजे उमेदवारी: विद्यार्थी एखाद्या कचेरीत, संस्थेत किंवा कारखान्यात काम करतो, तेथला वरिष्ठ त्याच्यावर देखरेख ठेवतो आणि महाविद्यालयातला अध्यापक त्या कामाचे अध्ययनात रूपांतर होते आहे की नाही ते पाहतो. ऑलिंपिया ही राज्याची राजधानी असल्यामुळे कायदेमंडळ आणि सरकारी खाती हाकेच्या अंतरावर आहेत, हा या बाबतीत मोठाच फायदा.

आता त्या परिच्छेदांच्या गठ्ठ्याकडे येऊ. तिमाहीच्या अखेरीस प्रत्येक विद्यार्थ्याची अध्यापकाशी समोरासमोर भेट होते आणि तीन लेखांचा व्यवहार होतो: अध्यापकाने विद्यार्थ्याविषयी लिहिलेला, विद्यार्थ्याने स्वतःविषयी लिहिलेला, आणि विद्यार्थ्याने अध्यापकाविषयी लिहिलेला. हा तिसरा लेख अध्यापकाच्या दफ्तरात राहतो व पुढे त्याच्या कामाचा आढावा घेताना वाचला जातो. नापास असा शेरा कोठेही नसतो. काम पुरे झाले नाही तर तेवढे श्रेयांक मिळत नाहीत, बस्स. बाहेरच्या विद्यापीठातील कारकुनाची अडचण होऊ नये म्हणून लेखाखाली एक छोटे कोष्टक जोडतात व त्यात या प्रोग्रॅममधील इतके श्रेयांक सेंद्रिय रसायनाचे समजावेत, इतके संख्याशास्त्राचे, अशी फोड दिलेली असते. त्याखेरीज अलीकडच्या काळात प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या एकूण शिक्षणाची संगती सांगणारे निवेदन, जास्तीत जास्त ७५० शब्दांत, लिहिलेच पाहिजे असा नियम झाला आहे. दरवर्षी ते पुन्हा हाती घ्यायचे, खोडायचे, सुधारायचे आणि पदवीच्या वेळी दफ्तरात दाखल करायचे.

गुणांच्या आकड्यामागे लपण्याची सोय किती मोठी असते, हे असले लिखाण करू लागल्यावरच उमगत असावे. बासष्ट टक्के गुणांनी कोणाची अब्रू जात नाही, आणि त्यांतून काही कळतही नाही. परंतु ‘हा विद्यार्थी सेमिनारात उत्तम बोलतो, मात्र लिहिताना स्वतःच्या पुराव्याकडे पाठ फिरवितो’ अशा स्वरूपाचे वाक्य कायमच्या दाखल्यात राहिले की ते जन्मभर सोबत करते. अध्यापकाच्या बाजूने पाहिल्यास, दर तिमाहीस पंचवीस माणसांविषयी पंचवीस वेगवेगळे मजकूर लिहिणे ही साधी मेहनत नव्हे; त्यांतले काही साचेबंद होतात, हेही साहजिक आहे.

पदवीला एकूण १८० श्रेयांक लागतात. कला शाखेच्या पदवीस विषयांची वेगळी सक्ती नाही. विज्ञानाच्या पदवीसाठी मात्र ७२ श्रेयांक गणित व निसर्गविज्ञानातले, आणि त्यांतले ४८ वरच्या पातळीचे असावे लागतात.

टॅकोमा शहरातील शाखेचा उल्लेख केल्यावाचून हे वर्णन अपुरे राहील. मॅक्सिन मिम्स या कृष्णवर्णीय अध्यापिकेने १९७२ साली, नोकरी व संसार सोडून ऑलिंपियास जाऊ न शकणाऱ्या आपल्या शहरातील प्रौढांना स्वतःच्या घरी स्वयंपाकघरातील मेजाभोवती शिकविण्यास आरंभ केला, आणि त्यातून पुढे महाविद्यालयाची अधिकृत शाखा उभी राहिली. मला तर एव्हरग्रीनच्या कल्पनेचे सर्वांत सरस फळ जंगलातील आवारापेक्षा तेथेच दिसते. ज्यांच्यापाशी आयुष्याने दिलेले प्रश्न आधीपासूनच तयार होते, त्यांना ते शोधण्यात वर्षे घालवावी लागली नाहीत.

या पद्धतीत दोष नाहीत असे नव्हे. गणित किंवा परभाषा यांसारखे पायरीपायरीने चढायचे विषय तिच्यात हमखास अडचणीत येतात, कारण यंदा पहिली पायरी शिकविणारे अध्यापक पुढच्या वर्षी दुसऱ्याच प्रश्नाच्या मागे लागलेले असू शकतात. राज्यातील काही आमदारांना सरकारी पैशाचा हा विनियोग सुरुवातीपासूनच खुपत होता, आणि महाविद्यालय बंद करावे किंवा त्याचे रूपांतर करावे अशा सूचना सत्तरीच्या दशकात वारंवार पुढे आल्या. ज्यांनी गव्हर्नर या नात्याने त्याच्या स्थापनेच्या कायद्यावर सही केली होती, ते डॅन इव्हान्स १९७७ साली स्वतःच अध्यक्षपदी येऊन बसले, तेव्हा कोठे ही ओरड थोडी निवळली. त्याच साली येथून बाहेर पडलेल्या मॅट ग्रेनिंग यांनी पुढे ‘द सिम्पसन्स’ ही व्यंगचित्रमालिका काढून महाविद्यालयाचे नाव केले, परंतु एका व्यंगचित्रकाराच्या कीर्तीवर अंदाजपत्रक मंजूर होत नसते. विद्यार्थिसंख्या आधीपासूनच उतरणीला लागली होती. २०१७च्या मे महिन्यात वंशभेदाच्या प्रश्नावरून आवारात जो गदारोळ झाला आणि देशभर गाजला, त्यानंतर ती झपाट्याने ढासळली व चार-पाच वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली.

त्यामुळे आजच्या विवरणपुस्तिकेत सोळा श्रेयांकांच्या प्रोग्रॅमशेजारी आठ श्रेयांकांचे अर्धवेळ प्रोग्रॅम आणि चार श्रेयांकांचे सुटे वर्ग दिसतात, आणि निरनिराळ्या क्षेत्रांसाठी पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंतचे अभ्यासमार्गही आखून दिलेले आढळतात. नोकरदार विद्यार्थ्याला यांतले काहीच नाकारता येणार नाही, कारण दिवसाचे सगळे तास एका प्रश्नाला देण्याची चैन त्याला परवडत नाही. तरीपण सुट्या वर्गांची बेरीज करून मिळविलेली पदवी कॅडवॉलडर यांना रुचली नसती. आणि मॅकॅन यांच्या चार नकारांपैकी, मार्गांच्या रूपाने विभागांची आणि निवेदनाच्या रूपाने सक्तीची चाहूल लागल्यावर, श्रेणीविषयीचा नकार मात्र अभंग राहिला आहे.