पिंजऱ्यातल्या पाखराला फूल देताना

आपला रानातला हिरवा पोपट पकडणे, विकणे वा पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे, हे आधी ध्यानात घ्या. आठवडे बाजारात विक्री दिसली तर ग्रामपंचायतीने वनखात्याला कळवावे. इथे बोलायचे ते बजरीगरविषयी. आपण ज्याला सर्रास लव्हबर्ड म्हणतो, तो मूळचा ऑस्ट्रेलियातला छोटा पोपटच.

त्याला जास्वंद, गुलाब, झेंडू, सूर्यफूल ही फुले चालतात. जास्वंद तर बहुतेकांच्या अंगणातच असते. मात्र रोजचे खाणे राळा, बाजरी आणि हिरवा पाला. फूल आपले तोंडी लावायला.

खरा धोका फवारणीचा. बाजारातला गुलाब-झेंडू किंवा देवाचे उतरवलेले हार पिंजऱ्यात टाकू नका. डायमेथोएट, इमिडाक्लोप्रिड ही आंतरप्रवाही औषधे झाडाच्या रसात भिनतात. फूल कितीही धुतले तरी जात नाहीत. पाखराचे वजन जेमतेम ३०-४० ग्रॅम. त्याला थोडेसे विषही भारी पडते. म्हणून परसात जास्वंदीची दोन झाडे वेगळी राखा आणि तिकडे पंप नेऊच नका. मावा आला तर नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा मारावा.

कण्हेर (तांबडी असो की पिवळी), धोतरा, रुई, घाणेरी यांची फुले जवळही नकोत. आणि काठी सरळ मिळते म्हणून कण्हेरीची फांदी पाखराला बसायला लावू नका. तिचे पान, फूल, साल, सगळेच विषारी.

उरलेले फूल संध्याकाळी काढून टाकावे.