जिभेचा कॅन्सर : मानेत गाठ लागत नाही, तरी मानेचं ऑपरेशन का?

राहनाळ (ता. भिवंडी) : राहनाळ परिसरात गोदामं आणि यंत्रमाग भरपूर. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून तंबाखूचा बार भरणारेही बरेच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण सवय सुटलेली नाही. त्यामुळे ही माहिती घरोघरी असायला हवी.

जिभेचा कॅन्सर बहुतेक वेळा जिभेच्या कडेला, छोट्या जखमेसारखा सुरू होतो. तिथून तो आधी मानेतल्या लसिका ग्रंथींत उतरतो. या ग्रंथी म्हणजे शरीराची गाळणी. कॅन्सर तिथे पोचला की रुग्ण वाचण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते. ग्रंथीचं आवरण फोडून तो बाहेर पडला, तर धोका आणखी वाढतो.

डॉक्टर मानेचंही ऑपरेशन सांगतात तेव्हा घरचे म्हणतात, "दुखणं जिभेचं, मग मान कशाला कापायची?" याचं उत्तर मुंबईतच मिळालं आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या पथकाने सुरुवातीच्या टप्प्यातले, मानेत गाठ नसलेले तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण अभ्यासले. त्यात जिभेचेच जास्त होते. काहींच्या मानेतल्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या. बाकीच्यांच्या, गाठ दिसल्यावर. २०१५ मध्ये निकाल आला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. म्हणजे दर आठ जणांमागे एक जीव जास्त वाचला. कारण हाताला न लागणाऱ्या ग्रंथीतही कॅन्सर लपलेला असू शकतो.

ऑपरेशननंतर खांदा काही दिवस आखडतो. सांगितलेला व्यायाम केला की बराच फरक पडतो. काढलेल्या ग्रंथींचा रिपोर्ट जपून ठेवा. पुढे शेक (रेडिएशन) किंवा केमो लागेल का, ते त्यावरूनही ठरतं.

"सुई लावली, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" हा गैरसमज आहे. पसरतो तो उशिरामुळे.

जिभेवरची जखम, पांढरा किंवा लाल चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, किंवा मानेत न दुखणारी गाठ आली, तर मलम लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करा.