दोन मैल लांबीचा सिनेमा, तिकीट तीन आणे

सोयाबीन क्विंटलनं विकलं जातं, दूध लिटरनं. सिनेमा कशानं मोजायचा? हा प्रश्न भारतात पहिल्यांदा ज्यांना सोडवावा लागला, त्यांत दादासाहेब फाळके होते, आणि त्यांनी शोधलेलं उत्तर ऐकून आजही थक्क व्हायला होतं. पाठ्यपुस्तकातले फाळके गंभीर, फोटोच्या चौकटीतले. परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'तले (2009) फाळके हसरे, खटपटे आणि पक्के विक्रेते. वाशिमला, कारंज्याला किंवा रिसोडला नवं दुकान टाकणाऱ्यानं हा चित्रपट जरूर बघावा, धंद्याचा म्हणूनच बघावा.

1912 साली फाळके लंडनहून शिकून आले, कॅमेरा आला, पण भांडवल नव्हतं. ज्याच्याकडे पैसे मागायचे त्यानं असलं काही बनताना कधी पाहिलेलं नाही. त्याला समजावणार काय? फाळक्यांनी बोलणं सोडलं आणि कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, रोपाचं थोडंथोडं चित्रण रोज करत राहायचं. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात उलगडली. मातीतून कोंब वर आला, पानं फुटली, वेल चढला. पेरणीनंतर रोज धुऱ्यावर जाऊन तास निरखणाऱ्या माणसालाही जे दिसत नाही, ते दिसलं. कर्ज मिळालं. इतका छोटा आणि इतका बिनतोड नमुना आजच्या कुठल्याही प्रेझेंटेशनमध्ये शोधून दाखवा!

3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. तिकीट एक, पण खेळाच्या जोडीला परदेशी नाच आणि पायांनी कसरती करणारा बाजीगरही. नव्या मालासोबत ओळखीचा माल बांधून द्यायची ही युक्ती जुनीच.

खरी गंमत सुरतेची. तिथं दोन आण्यांत सहा तासांचं नाटक मिळायचं. फाळक्यांचा खेळ त्या मानानं चिमुकला, आणि तिकीट तीन आणे. पहिल्या दिवशीचा गल्ला तीन रुपये झाला म्हणतात. तिकीट उतरवा, असा सल्ला मिळाला. फाळक्यांनी जाहिरात बदलली. 57 हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत! म्हणजे माल तोच, भाव तोच, बदललं ते फक्त माप. तासांच्या हिशेबात ते नाटकाला हरणारच होते, म्हणून त्यांनी गिऱ्हाइकाच्या हाती दुसरीच मोजपट्टी दिली. गर्दी लोटली.

आता आपण हिशेब करून बघू. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात 16 चित्रं बसतात. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे 3,700 फूट. गुणाकार केला तर 59,200. म्हणजे 57 हजारांचा आकडा चक्क खरा, उलट थोडा कमीच! पण दोन मैल म्हणजे 10,560 फूट. इथं दादासाहेबांनी लांबी जवळजवळ तिप्पट केली. आज ग्राहक आयोगात हे टिकलं नसतं, आणि माझ्या मते त्याची गरजही नव्हती. 57 हजार छायाचित्रांनी काम भागलं असतं.

सुरतेची ही युक्ती आपल्या शिवारातही ओळखीची वाटेल. गेल्या काही वर्षांत वाशिम जिल्ह्यातल्या काही शेतकऱ्यांनी चिया पेरायला घेतला. बाजारात त्याचा भाव क्विंटलचा. तेच काळे-करडे दाणे शहरातल्या दुकानात पाकिटात जातात तेव्हा वजन ग्रॅममध्ये येतं आणि पाकिटावर ठळक असतं ते प्रथिनं, तंतू, ओमेगा-3. माप कोणी ठरवायचं, पिकवणाऱ्यानं की पाकीट भरणाऱ्यानं, यावर नफा कुणाच्या खिशात जाणार हे बरंचसं ठरतं.

फाळक्यांना पुढे मैल मोजावे लागले नाहीत. 1917 च्या 'लंकादहन'ला शेपटीला आग लागलेला हनुमान उडताना बघायला एवढी झुंबड उडाली, की तिकिटांची नाणी पोत्यात भरून बैलगाडीनं न्यावी लागली, असं सांगतात.