जुन्या संकेतस्थळांवरील ध्वनी व चलच्चित्रे : रूपांतरामागील तत्त्वे

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या निमित्ताने १९१३ ते १९२९ या काळात ध्वनिमुद्रित झालेल्या ग्रामोफोन तबकड्यांतील बोली आजही ऐकता येतात. कारण तबकडीवरील खाच हीच ध्वनितरंगाची आकृती असते आणि ती वाचावयास एक सुई पुरते. याउलट, अवघ्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संकेतस्थळांवर रिअलऑडिओ किंवा फ्लॅश या स्वरूपांत ठेवलेले ध्वनिनमुने आजच्या ब्राउझरमध्ये मूक झाले आहेत. त्यांतील ध्वनी नष्ट झालेला नाही. तो वाचणारे साधन नाहीसे झाले आहे.

याचे कारण असे की, आरंभीच्या काळात एचटीएमएलमध्ये ध्वनी व चलच्चित्र यांसाठी प्रमाणित घटक नव्हते. १९९५ मध्ये आलेले रिअलऑडिओ आणि त्यानंतर रूढ झालेले फ्लॅश ही बाहेरून जोडावयाची साधने, म्हणजे प्लगइन, होती. सुरक्षिततेच्या दृष्टीने ती धोक्याची ठरली. क्रोमने २०१५ मध्ये जुन्या पद्धतीच्या प्लगइनांना थारा देणे बंद केले आणि अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशला विराम दिला. तत्पूर्वी, २०१४ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीएमएल-५ ने 'ऑडिओ' व 'व्हिडिओ' हे घटक सिद्ध केले होते. तेव्हापासून प्लगइनची आवश्यकता उरली नाही. मात्र फाइलीचे स्वरूप ब्राउझरला परिचित असावे लागते.

येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. प्रत्येक माध्यमफाइलीत वेष्टन आणि सांकेतन अशी दोन अंगे असतात. वेष्टन जुने असले, तरी आतील सांकेतन आजही ग्राह्य असू शकते. उदाहरणार्थ, एफएलव्ही वेष्टनात एच-२६४ चित्र व एएसी ध्वनी असेल, तर एफएफएमपेगसारख्या साधनाने केवळ वेष्टन बदलून एमपी-४ फाइल करता येते. गुणवत्तेत तिळमात्र उणेपणा येत नाही. सांकेतनच जुने असेल, तर ते उकलून पुन्हा सांकेतन करावे लागते आणि अशा प्रत्येक फेरीत काही अंश गमावला जातो.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने हा गमावलेला अंश नगण्य नव्हे. मंद दूरध्वनी-जोडण्यांसाठी योजिलेल्या सर्वांत जुन्या रिअलऑडिओ सांकेतनात ध्वनीचे दर सेकंदास ८००० नमुने घेतले जात. त्यामुळे ४००० हर्ट्झच्या वरचा ध्वनी त्यात उतरतच नसे. 'चार' मधील तालव्य च आणि 'चाक' मधील दंततालव्य च यांचा भेद ज्या घर्षणध्वनीवरून ओळखला जातो, त्याचा मोठा भाग याच मर्यादेपलीकडे असतो. अशी फाइल कितीही उत्तम स्वरूपात रूपांतरित केली, तरी तो भाग परत येत नाही. इतकेच नव्हे, तर नव्या फाइलीवर ४८००० नमुन्यांचा उल्लेख पाहून अभ्यासक तीस विश्वसनीय पुरावा मानण्याची भीती असते.

म्हणून कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. प्रथम मूळ ध्वनिफीत किंवा असंपीडित फाइल उपलब्ध आहे काय, याचा शोध घ्यावा. ती असल्यास नवी प्रत तिच्यावरूनच करावी. ती नसल्यास संकेतस्थळावरील जुनी फाइल जशीच्या तशी जतन करून तिच्यावरून एकदाच रूपांतर करावे. रूपांतरिताचे पुन्हा रूपांतर करू नये. रिअलऑडिओच्या बाबतीत 'रॅम' या प्रत्ययाची लहानशी फाइल हाती आली, तर ती ध्वनी समजू नये. तिच्यात केवळ खऱ्या फाइलीचा पत्ता असतो. फ्लॅशमधील संवादात्मक पाठ चित्रफितीत बदलल्यास त्यांतील स्वाध्याय निष्क्रिय होतात; त्यांच्यासाठी रफलसारखे अनुकारक साधन वापरून पाहावे. शेवटी, प्रत्येक नमुन्यालगत मूळ स्वरूप, नमुनादर आणि रूपांतराचा दिनांक यांची नोंद द्यावी.

सारांश, पृष्ठावरील ध्वनी पुन्हा ऐकू येणे एवढेच रूपांतराचे साध्य नव्हे. जे ऐकू येते ते वक्त्याच्या मुखातील किती आणि सांकेतनाने शिल्लक ठेवलेले किती, हे पुढील अभ्यासकास कळले पाहिजे. त्या नोंदीवाचून केलेले नूतनीकरण ऐकणाऱ्याची सोय करील, परंतु उच्चाराचा पुरावा म्हणून ते निरुपयोगी ठरेल.